जुनी ऑक्टाव्हिया आरएस : पॉवर स्टिअरिंगचं तेल बदलायचंय, लाल की हिरवं?

वळणवेडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

२००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेतली आहे, तीच ती १.८ टर्बोवाली. कॉलेजात असल्यापासून ही गाडी डोक्यात होती, त्यामुळे ती कंपनीतून आली तशीच ठेवायची इच्छा आहे. इंजिन, गिअरबॉक्स, टर्बो सगळं तपासून घेतलं, तिथे काळजी नाही. अडलंय स्टिअरिंगपाशी.

सध्याच्या थंडीत सकाळी कोथरूडच्या सोसायटीतून गाडी बाहेर काढताना स्टिअरिंग वळवलं की बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज येतो. रेस दिली की आवाज चढतो. डेक्कनला पोचेपर्यंत बराच कमी होतो. एरवी स्टिअरिंग जड नाही, पण हळू वळवताना मधेच एखादा क्षण हात अडखळतो. टाकीच्या झाकणाला काडी आहे, ती पांढऱ्या फडक्यावर पुसली तर काळपट डाग आणि कडेने लालसर छटा. मॅन्युअलमध्ये मात्र जी ००२ ००० हा क्रमांक दिलाय आणि ते तेल हिरवं असतं असं कळलं.

दोन गॅरेजांत दाखवली. एक म्हणे, "लाल ऑइल टॉप-अप करून देतो, सगळ्या गाड्यांना तेच चालतं." दुसरा म्हणे, "पंप गेला, बदलून टाका." दोघांनीही टाकीत डोकावून पाहिलं नाही.

मला विचारायचंय ते असं : आत लाल आणि हिरवं मिसळलंय असं धरून चालू का? सगळं तेल काढून नवं भरणं घरच्या पार्किंगमध्ये जमण्यासारखं आहे का? आणि पंप खरंच गेलाय हे तेल बदलायच्या आधी कसं ओळखायचं?

---

चाकणकर

टॉप-अप अजिबात करून घेऊ नका. आधीच आत काय आहे ते कळत नसताना त्यात आणखी एक ओतणं म्हणजे पुढच्या माणसाला कोडं घालणं. पंप बदलायचा निर्णयही आत्ता नको.

---

पेठेतला_बिमर

माझी बीएमडब्ल्यू थ्री सिरीज आहे, जुनी ई४६ पिढीतली, त्यामुळे अनुभव थोडा वेगळा. या मॉडेलमध्ये काहींच्या झाकणावर एटीएफ (म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल) लिहिलेलं असतं, काहींच्या झाकणावर सीएचएफ ११ एस (हिरवं हायड्रॉलिक तेल). एकच मॉडेल, दिसायला तीच टाकी, आणि तेलं दोन वेगळी. म्हणून "अमुक गाडीला अमुक तेल" असं ऐकीव धरून चालू नका. स्वतःच्या गाडीचं झाकण आणि मॅन्युअल वाचा.

दुसरं, टाकीच्या तळाशी बारीक जाळी असते. माझ्या गाडीत ती टाकीतच बसवलेली आहे, काढून धुता येत नाही, म्हणून अख्खी टाकी बदलली. महाग वस्तू नाही. जाळी गाळाने भरली की पंपाला तेल ओढायला त्रास होतो आणि तो असाच कण्हतो. तुमच्या टाकीत जाळी आहे का ते टॉर्च मारून बघा.

---

दाबमापक

धागाकर्त्यांनी लक्षणं नीट लिहिली आहेत म्हणून सविस्तर उत्तर देतो. भोसरी एमआयडीसीत हायड्रॉलिक पंपांच्या कामात माझी सगळी नोकरी झाली. गाडीतला पंप लहान असतो एवढंच, तत्त्व तेच.

आधी आवाजाबद्दल. पॉवर स्टिअरिंगचा पंप टाकीतून तेल ओढतो ते जवळजवळ फक्त हवेच्या दाबावर आणि टाकीच्या उंचीवर. ढकलण्याच्या बाजूला तो पूर्ण वळवल्यावर शंभर बारच्या आसपास दाब देऊ शकतो, पण ओढण्याच्या बाजूला बिचाऱ्याकडे ताकद नसते. तेल घट्ट असलं, जाळी तुंबली किंवा होस आतून मऊ होऊन चिपकली, की पंपाच्या तोंडाशी पोकळी तयार होते, तेलात बुडबुडे होतात आणि ते दाबाखाली फुटतात. तुम्ही ऐकताय तो आवाज बहुधा हाच. तेल गरम होऊन पातळ झालं की आवाज कमी होतो, हेही जुळतं.

आता लाल-हिरव्याचा संबंध. हिरवं सेंट्रल हायड्रॉलिक तेल, म्हणजे सीएचएफ ११ एस जातीचं, ४० अंशांना साधारण १८-१९ सेंटिस्टोक (तेलाच्या घट्टपणाचं माप) असतं. लाल डेक्स्रॉन ३ एटीएफ त्याच तापमानाला जवळपास दुप्पट घट्ट. १०० अंशांना मात्र दोघांत फार फरक राहत नाही. हिरवं तेल बनवलंच आहे अशा रीतीने की कडाक्याच्या थंडीतही ते वाहतं राहावं. म्हणून लाल तेल मिसळलेली गाडी सकाळी कण्हते आणि दुपारी शहाण्यासारखी वागते.

पण इथे थांबू नका. पुण्याची १०-१२ अंशांची सकाळ ही काही युरोपातली थंडी नव्हे. एवढ्याशा थंडीत एवढा आवाज येतोय, तर नुसत्या लाल तेलाला दोष देऊन भागणार नाही. एक तर जाळी तुंबली आहे किंवा टाकी ते पंप या होसच्या जोडातून हवा शिरते आहे. दाबाच्या बाजूला गळती असेल तर तेल बाहेर येतं, दिसतं. ओढण्याच्या बाजूला गळती असेल तर तेल बाहेर येईलच असं नाही, हवा आत जाते, आणि जमिनीवर एक थेंबही न सांडता पंप ओरडत राहतो. हा प्रकार मी मोठ्या यंत्रांवर असंख्य वेळा पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी कुणीतरी पंपच बदलायला निघालेलं असतं.

तपासायचं असं. गाडी चालू ठेवून कुणालातरी स्टिअरिंग हळूहळू दोन्हीकडे वळवायला सांगा आणि तुम्ही टाकीत बघा. तेलावर फेस किंवा दुधाळ रंग दिसला तर हवा आत जाते आहे. इंजिन बंद केल्याक्षणी टाकीतली पातळी एकदम वर आली तर तीही आत दाबलेल्या हवेचीच खूण. तेल स्वच्छ आहे, फेस नाही, जाळी मोकळी आहे आणि तरी आवाज थंड-गरम दोन्हीत सारखाच, तर मग पंपाच्या बेअरिंगकडे आणि पात्यांकडे बोट दाखवायला हरकत नाही. आणि पूर्ण वळवल्यावर क्षणभर येणारी किंचाळी बहुधा पंपाच्या आतली नसते, पट्टा घसरत असतो.

---

वळणवेडा (धागाकर्ता)

दाबमापक काका, फार आभार. आत्ताच खाली जाऊन बघून आलो. फेस आहे! दुधाळ नाही, पण कडेने बारीक बुडबुड्यांची रांग दिसते. इंजिन बंद केल्यावर पातळी थोडी वर आली. आता होस बघतो.

---

सिटी_व्हीटेक

होंडावाल्यांसाठी एक ओळ, कारण हा धागा पुढे कुणीतरी शोधत येईल. जुन्या सिटी व्हीटेकसारख्या गाड्यांना ना लाल, ना हिरवं. होंडाचं स्वतःचं पिवळसर पीएसएफ (पॉवर स्टिअरिंग फ्लुइड) लागतं, एटीएफ वापरू नका असं कंपनीनेच लिहिलंय.

---

मुळशीचा_वारा

माझ्याकडे २००६ ची पोर्शे बॉक्स्टर आहे, तीही हिरव्या तेलावरच चालते. या गाडीत इंजिन सीटच्या मागे, म्हणून पंपही मागे, आणि रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दांडा, पुढच्या चाकांपाशी. त्यामुळे तेलाच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. टाकीतलं तेल काढून भरल्याने अशा गाडीत फारसं काही साध्य होत नाही, कारण बहुतेक तेल नळ्यांत आणि रॅकमध्ये असतं.

धागाकर्त्यांना मनापासून सांगतो, हे काम टाळू नका. ताम्हिणी घाट चढताना या गाड्यांचं जुनं हायड्रॉलिक स्टिअरिंग रस्त्याचा प्रत्येक खडा हाताला सांगतं. पुढच्या पिढीत, २०१२ च्या ९८१ बॉक्स्टरपासून, पोर्शेने विजेवर चालणारं स्टिअरिंग आणलं. ते अचूक आहे, पण हाताला जे कळायचं ते कमी झालं असं माझं प्रामाणिक मत. तुमच्याकडे जे आहे ते आता नव्या गाड्यांत क्वचितच मिळतं. तेल स्वच्छ ठेवणं हा त्याचा मान आहे.

---

नवखा_पुणेकर

मध्येच विचारतो, माझ्या स्विफ्टमध्ये पॉवर स्टिअरिंगची टाकीच सापडत नाहीये. कुठे असते?

---

चाकणकर

@नवखा_पुणेकर, नसतेच. तुमच्याकडे विजेची मोटर स्टिअरिंगला मदत करते, तेल नाही. गंमत म्हणजे जगातली पहिली विजेचं पॉवर स्टिअरिंग असलेली गाडी सुझुकीचीच, १९८८ ची सर्व्हो. आणि सगळ्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांत तेल असतं असंही नाही, होंडा एस२००० मध्ये १९९९ पासूनच मोटर आहे. म्हणून तेल बदलायला निघण्याआधी टाकी आहे का ते बघणं योग्यच.

---

दाबमापक

आता तेल बदलण्याबद्दल.

मेडिकलमधून ५० किंवा ६० मिलीची सिरिंज आणि रायल्स ट्यूब (रुग्णाच्या नाकातून घालतात ती बारीक नळी) आणायची, टाकीतलं तेल ओढून काढायचं, नवं भरायचं, गाडी फिरवायची आणि पुन्हा तेच करायचं, ही सोपी रीत सगळे सांगतात. तिचा हिशेब मांडून बघा. टाकीत एकूण तेलाचा तिसरा हिस्सा मावतो असं धरा. एकदा बदललं की दोन तृतीयांश जुनं शिल्लक. तीनदा केलं तरी जवळपास ३० टक्के जुनंच आत. सहा वेळा केलं तर कुठे ते १० टक्क्यांच्या खाली येतं. आत एकाच जातीचं, फक्त जुनं झालेलं तेल असेल तर ही रीत उत्तम, घाई न करता महिन्याभरात करा. पण तुमच्याकडे दोन जाती मिसळल्या आहेत. तिथे नळी सोडूनच तेल काढायला हवं.

रॅककडून टाकीत परत येणारी नळी, म्हणजे रिटर्न, ही कमी दाबाची असते आणि साध्या क्लिपने बसवलेली असते. दाबाच्या जाड नळीला हात लावू नका. पुढची दोन्ही चाकं उचलून जॅकस्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर कधीही नको. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. जमीन सपाट हवी, उताराच्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. चाकं अधांतरी असली की स्टिअरिंग हलकं फिरतं आणि टायर जमिनीवर घासत नाहीत.

टाकी सिरिंजने रिकामी करा, ती काढून आतून स्वच्छ करा किंवा नवी बसवा. रिटर्नची नळी टाकीवरून काढा, टाकीच्या त्या तोंडाला बूच लावा आणि नळीचं टोक पारदर्शक बाटलीत सोडा. टाकीत नवं तेल भरा.

इथे एक गोष्ट जपायची आहे. इंजिन चालू केलंत तर हा पंप मिनिटाला सहा-आठ लिटर तेल फेकू शकतो. म्हणजे एक लिटरचा डबा दहा सेकंदांत संपेल, तुम्ही ओतायच्या आत टाकी कोरडी होईल आणि पंप हवा ओढेल. म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि दोन-तीन सेकंद फक्त स्टार्टर मारा. मग थांबा, टाकी भरा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन आणा, पुन्हा दोन सेकंद स्टार्टर. माणसं दोन हवीत, एक ओतायला आणि एक आत बसायला. दोघांनी एकमेकांना मोठ्याने सांगत काम करायचं. बाटलीत आधी काळं येईल, मग गढूळ, मग हिरवं. हिरवं स्वच्छ आलं की थांबा. दीड लिटरच्या आसपास पुरतं, तरी दोन लिटर आणून ठेवा, मधेच संपलं तर पंचाईत.

नळी जोडल्यावर हवा काढायची. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग पंधरा-वीस वेळा सावकाश दोन्ही टोकांना न्या, टाकीतली पातळी बघत राहा. बुडबुडे यायचे थांबले की फ्यूज लावून गाडी चालू करा आणि पुन्हा तसंच फिरवा. टोकाला नेऊन धरून ठेवू नका. तिथे जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, सगळा दाब उष्णतेत जातो आणि तेल झपाट्याने तापतं. पाच सेकंदांच्या वर कधीच नाही, आणि ही सवय रोजच्या पार्किंगमध्येही लावून घ्या. पेठांतल्या गल्ल्यांत गाडी जागच्या जागी पूर्ण वळवून काढावी लागते, तेव्हा किंचित पुढे-मागे घेत वळवा.

---

पेठेतला_बिमर

+१. स्टार्टरबद्दल एक भर. दोन मारांच्या मध्ये पुरेसा वेळ द्या, जुन्या बॅटरीवर आणि स्टार्टरवर ताण नको.

---

नाना_पेठ_वारी

तेल घेताना डब्यावरचं वाचा. रंग बघून घेऊ नका. हिरवा कूलंटही असतो. डब्यावर व्हीडब्ल्यूचा (फोक्सवॅगन, स्कोडाची मूळ कंपनी) जी ००२ ००० किंवा त्याच्या जागी आलेला जी ००४ ०००, नाहीतर टीएल ५२ १४६ ही मान्यता छापलेली हवी. नाना पेठेत मागाल तर आधी "स्टिअरिंग ऑइल" म्हणून लालच पुढे येईल. क्रमांक कागदावर लिहून न्या आणि सीलबंद डबाच घ्या, सुटं नको.

आणि घरात कुणी मदतीला असेल तर त्यांना ब्रेकची टाकी कुठली आणि स्टिअरिंगची कुठली हे आधी बोट लावून दाखवा. ब्रेकच्या टाकीत हे तेल चुकून गेलं तर तिथले ईपीडीएम रबरचे सील फुगतात आणि ब्रेकच निकामी होऊ शकतात. उलट ब्रेक ऑइल स्टिअरिंगमध्ये गेलं तर इथले सील जातात. तसं झालंच तर गाडी चालू न करता टो करून न्यायची.

---

मुळशीचा_वारा

स्टॉप-लीकच्या बाटल्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. त्या सील फुगवून गळती थांबवतात, सीलची झीज भरून काढत नाहीत. जी गाडी ठेवायची आहे तिच्यात घालू नये.

---

वळणवेडा (धागाकर्ता)

काम झालं! धाकटा भाऊ आत बसला, मी ओतायला.

आधी होस. टाकीकडून पंपाकडे जाणारी होस पंपाच्या टोकाशी कडक होऊन तडकली होती, आणि क्लिप कुणीतरी मूळची काढून स्क्रूवाली लावलेली, ती एका बाजूने रबरात रुतलेली. बाहेरून जवळजवळ कोरडी! काका म्हणाले तसंच, हवा आत जात होती. होस आणि दोन्ही क्लिप नव्या लावल्या. टाकीच्या तळाशी काळा चिखल होता, तो साफ करण्यात वेळ न घालवता टाकी नवीच घातली.

बाटलीत आधी आलं ते जवळजवळ काळं, उन्हात धरलं तर तपकिरी-लाल. मग बराच वेळ मळकट, आणि शेवटी स्वच्छ हिरवं. तो रंग बघून आम्ही दोघेही पार्किंगमध्ये ओरडलो. आज सकाळी गाडी बाहेर काढली तेव्हा कण्हणं नाही. हात अडखळायचा तोही प्रकार गेला. सिंहगड रस्त्याने खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो, स्टिअरिंग इतकं सलग आहे की ही तीच गाडी आहे हे पटेना. पंप जुनाच, आणि तो आता गप्प आहे.

एक शंका. परत आल्यावर खालून बघितलं तर रॅकच्या उजव्या टोकाचा रबरी बूट किंचित ओलसर वाटतोय. आधी असा नव्हता. आणि जुनं तेल बाटल्यांत भरून ठेवलंय, त्याचं काय करू?

---

दाबमापक

उत्तम काम केलंत. भावालाही शाबासकी सांगा.

ओलसर बुटाबद्दल : बूट दोन बोटांनी हलका दाबा. आत तेल डचमळताना जाणवलं तर रॅकच्या टोकाचं सील गळतंय. नुसताच बाहेरून ओला असेल तर काम करताना सांडलेलं तेल ओघळलेलं असू शकतं. ब्रेक क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा, कोरडं करा आणि आठवडाभर बघा. जुन्या गाडीत कधीकधी गाळच सीलच्या फटी धरून असतो, आणि वेगळ्या तेलावर वर्षं काढलेलं रबर बदललेल्या तेलात थोडं आकसतंही. म्हणून तेल बदलल्यावर पाझर दिसणं नवलाचं नाही, काही वेळा सील पुन्हा बसतं आणि पाझर थांबतो. पातळी उतरत राहिली तर मात्र रॅक उतरवून सील किट घालावं लागेल. ते घरचं काम नाही.

पातळी बघताना थंड गाडीत तेल खालच्या खुणेपाशी आणि गरम गाडीत दोन खुणांच्या मध्ये असायला हवं. गरम असताना वरपर्यंत भरू नका.

पुढच्या वेळेबद्दल विचारणारच, म्हणून आत्ताच सांगतो. बऱ्याच कंपन्या या तेलाला बदलण्याची मुदतच देत नाहीत. तरी माझं मत, चार-पाच वर्षांनी किंवा ६०-७० हजार किलोमीटरला बदलावं. मधल्या काळात दर सर्व्हिसला काडी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. हिरवं दिसलं तर झाकण लावा.

---

भोसरी_होस

दाबाची नळी कधी पाझरू लागली तर नवी मागवण्यासाठी महिनोन्‌महिने थांबू नका. भोसरी-पिंपरीत औद्योगिक हायड्रॉलिक होस बनवणारी वर्कशॉप्स आहेत. जुनी नळी घेऊन जा, तिचीच धातूची टोकं ठेवून मधला रबरी भाग नवा क्रिम्प करून (दाबून घट्ट बसवून) मिळतो. तेल कुठलं आहे ते आणि दाब किती ते सांगायला विसरू नका, होसचं रबर त्यावर ठरतं.

---

चाकणकर

जुनं तेल गटारात, नाल्यात किंवा झाडाखाली अजिबात नको, इथलं सगळं शेवटी मुठेत जातं. कायद्यानेही वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं, २०१६ च्या नियमांत ते स्पष्ट आहे. ज्या गॅरेजात इंजिन ऑइल बदलता तिथे ड्रम असतो, तो अधिकृत रिसायकलरकडे जातो का हे विचारा आणि तिथेच द्या. बाटलीत पाणी, कूलंट किंवा ब्रेक ऑइल मिसळू देऊ नका, मग ते घ्यायला कुणी तयार होत नाही. तेल पुसलेली कॉटन वेस्टही त्यांच्याकडेच द्या, सोसायटीच्या ओल्या-सुक्या डब्यात नको.

---

वळणवेडा (धागाकर्ता)

बूट दाबून बघितला, आत काही डचमळत नाही. पुसून कोरडा केलाय. पातळी आजची काडीवर मार्करने खूण करून ठेवली आहे. पुढच्या रविवारी पुन्हा बघून इथेच लिहितो. तेलाच्या बाटल्या उद्या गॅरेजात देतोय, ड्रम कुठे जातो ते विचारूनच.